छताला भोक कोणी पाडलं?

पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर बेनाजिलची गुहा आहे. नाव ऐकलेलं नसलं तरी तिचं छायाचित्र तुम्ही कुठल्या तरी कॅलेंडरवर किंवा प्रवासाच्या जाहिरातीत पाहिलेलं असणार. पिवळसर दगडाचा मोठा घुमट, समुद्राकडे उघडणाऱ्या दोन कमानी, आत वाळूची छोटीशी पुळण आणि घुमटाच्या माथ्याला गोल भोक. भोकातून ऊन सरळ वाळूवर उतरलेलं.

बेनाजिल हे आल्गार्व प्रांतातलं मच्छीमारांचं लहानसं गाव. तिथून, शेजारच्या कार्व्होएरोहून किंवा पोर्तिमावच्या बंदरातून पर्यटकांच्या होड्या सुटतात. तास-दीड तासात किनाऱ्यालगतच्या गुहा, कमानी आणि जिथे वरून पायवाटच उतरत नाही अशा पुळणी दाखवून परत आणतात. होडी घुमटाखाली शिरली की सगळ्यांच्या माना वर जातात आणि कोणाच्या तरी तोंडून तो प्रश्न निघतोच. लाटा खाली आपटतात, म्हणून खाली पोकळी झाली हे पटतं. पण लाट जिथे पोचत नाही त्या माथ्यावर भोक कोणी पाडलं?

होडीवाला बहुधा ‘समुद्राने’ असं सांगून मोकळा होतो. त्याच्या मागे दुसरी होडी खोळंबलेली असते, त्याला दोष कसा द्यायचा? उत्तर चूकही नाही, पण ते अर्धंच आहे. उरलेल्या अर्ध्याचा मानकरी पाऊस. पावसाचा हा वाटा एकदा लक्षात आला की त्या आडबाजूच्या पुळणींचंही कोडं सुटायला लागतं, कारण या किनाऱ्यावर गुहा आणि पुळण या पुष्कळदा एकाच जागेच्या आधीच्या आणि नंतरच्या अवस्था असतात.

कडा कशाचा बनलाय

आल्गार्वचे हे कडे चुनखडीचे आहेत, आणि ही चुनखडी मायोसीन काळातली, म्हणजे साधारण दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीची. त्या वेळी इथे उथळ, उबदार समुद्र होता. शिंपले, कालवं, समुद्री साळिंदरं मरत गेली, त्यांची कवचं तळाशी साचली, त्यांच्या चुऱ्यात वाळू मिसळली आणि वरच्या थरांच्या भाराखाली त्याचा दगड झाला. होडी कड्याच्या अगदी जवळून जाते तेव्हा दगडात अडकलेले अख्खे शिंपले नुसत्या डोळ्यांनी दिसतात. काही ठिकाणी तर दगड कमी आणि शिंपले जास्त अशी स्थिती असते.

हे थर जवळजवळ आडवे आहेत आणि सगळे सारखे टणक नाहीत. शिंपल्यांच्या चुऱ्याचा घट्ट थर, त्याखाली गाळाचा भुसभुशीत थर, पुन्हा घट्ट थर अशी ती रचना. कड्यावर आडव्या खाचा दिसतात त्या या मऊ थरांच्या. गुहेचं छत कधीकधी सपाट का असतं तेही यावरून कळतं. खालचा मऊ थर निघून गेलेला असतो आणि वरचा टणक थर छत म्हणून तग धरून असतो.

याशिवाय कड्यात उभ्या भेगा आहेत. जमिनीच्या हालचालींमुळे दगडाला ताण पडला की तो तडकतो, आणि अशा तडा बऱ्याचदा एकाच दिशेने, एकमेकींना समांतर जातात. आडवे थर आणि उभ्या तडा यांनी कड्याची जणू आखणीच झालेली असते. पाणी या रेघांवरूनच आत घुसतं.

आधी पाऊस, मग समुद्र

पावसाचा थेंब हवेतून पडताना थोडा कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो. जमिनीत मुरताना मुळांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या श्वसनातून त्याला त्याहून बराच जास्त मिळतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. तेच, जे सोड्याच्या बाटलीत असतं. बेसॉल्टवर त्याचा परिणाम अतिशय मंद होतो, चुनखडी मात्र त्यात विरघळते. पाणी तडेतून झिरपत राहतं, तड रुंदावते, रुंद तडेतून जास्त पाणी जातं, ती आणखी रुंदावते. हजारो वर्षांत तिची उभी विहीर होते. जिथे दोन तडा एकमेकींना छेदतात तिथे हे काम सगळ्यात लवकर होतं.

चुनखडीच्या प्रदेशात पृष्ठभागावर अशी भोकं, खळगे आणि खाली पोकळ्या असणं ही नेहमीची गोष्ट आहे. मेघालयातल्या मोठमोठ्या गुहा याच रीतीने झालेल्या आहेत. आल्गार्वमध्येही समुद्र आत येण्याआधी पावसाने वरून खाली असंख्य विहिरी खोदून ठेवल्या होत्या. पुढे त्यातल्या बऱ्याच विहिरी वरून वाहून आलेल्या तांबड्या वाळू-मातीने भरून गेल्या. आजही होडीतून पिवळ्या कड्यात मधेच तांबड्या मातीची नरसाळ्याच्या आकाराची पट्टी उतरलेली दिसते. बुजलेल्या विहिरीचा तो उभा छेद असतो.

खोदायला पावसाला वेळही भरपूर मिळाला. वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. बेनाजिल तेव्हा समुद्रकाठचं नव्हतंच. किनारा बराच दूर दक्षिणेला होता आणि आज ज्यात होडी शिरते ती जागा कोरड्या जमिनीतली होती. बर्फ वितळत गेला, पाणी चढत गेलं, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते साधारण आजच्या पातळीजवळ पोचलं. म्हणजे सध्याच्या पाणरेषेवर लाटांचा मारा चालू आहे तो तेव्हापासूनचा. भूशास्त्राच्या हिशेबात हा काळ अगदीच थोडा आहे, आणि एवढ्यात समुद्राने इतकी मजल मारली ती पोकळ्या बऱ्याचशा तयार मिळाल्या म्हणून.

आता घुमटाचं गणित जुळतं. वरून पावसाची विहीर खाली येत होती. खालून लाटा तडेच्या वाटेने आत शिरत होत्या. दोन्ही पोकळ्यांची गाठ पडली, विहिरीत साचलेली माती लाटांनी धुऊन नेली, काठाचे दगड ढासळत जाऊन छत कमानदार झालं. माथ्यावरचं भोक हे त्या विहिरीचं तोंड आहे.

यात एक गंमत आहे. समुद्राचं वरच्या थरातलं पाणी चुनखडी फारशी विरघळवत नाही, कारण तिच्यातला चुना त्यात आधीच पुरेपूर विरघळलेला असतो. इतका, की त्यातूनच शिंपले आपली कवचं बनवतात. त्यामुळे खारं पाणी दगड ‘खातं’ हे आपण सर्रास म्हणतो ते चुनखडीच्या बाबतीत तरी जपून म्हणायला हवं. समुद्राची हत्यारं वेगळी आहेत.

लाट दगड कशी फोडते

एक घनमीटर समुद्राचं पाणी एक टनाहून थोडं जास्त भरतं. वादळी लाटेत असं शेकडो टन पाणी वेगाने येऊन आदळतं. हा मारा किती असतो ते मोजण्याची पहिली खटपट स्कॉटलंडमध्ये झाली. दीपगृहं बांधणारे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८४० च्या दशकात खडकावर स्प्रिंग बसवलेलं एक साधं यंत्र लावून ठेवलं. स्केरीव्होर इथे एका वादळात त्यांना दर चौरस मीटरला जवळजवळ ३० टन इतका दाब नोंदवता आला. (‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचेच चिरंजीव.)

पण सपाट भिंतीवर नुसतं पाणी आपटून दगड सहसा फुटत नाही. खरं नुकसान होतं ते भेगेत. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून धरा आणि दांडा जोरात आत ढकला. आतली हवा दाबली जाते, बोटाला रेटते आणि बोट काढताच फस्सकन सुटते. कड्यातल्या भेगेत हाच प्रकार प्रत्येक लाटेला होतो. लाट येते तेव्हा भेगेचं तोंड पाण्याने बंद होतं, आतली हवा कोंडते आणि मागच्या दगडाला चहूबाजूंनी रेटते. लाट मागे हटली की तीच हवा झटक्यात फुगून बाहेर पडते. दर आठ-दहा सेकंदांनी एकदा, वर्षानुवर्षं. दगडाला हा दाब सोसवतो, पण आवळणं आणि सोडणं यांचा अखंड फेरा सोसवत नाही. भेग केसभर वाढते, मग आणखी केसभर, आणि एक दिवस दोन भेगांमधला आख्खा ठोकळा निखळून पडतो.

होडी गुहेच्या तोंडाशी थांबली असताना आतून ढोलावर थाप पडावी तसा घुमणारा आवाज येतो, तो या कोंडलेल्या हवेचा. भेग वरपर्यंत आरपार गेलेली असेल तर हवेबरोबर पाण्याचा फवाराही कड्याच्या माथ्यावर उडतो.

निखळलेला ठोकळा वाया जात नाही. लाटा त्याला गडगडवतात, फोडतात, गोटे करतात आणि तेच गोटे उचलून पुन्हा कड्याच्या पायावर हाणतात. गुहेच्या भिंतींचा खालचा भाग गुळगुळीत आणि वरचा ओबडधोबड असतो तो यामुळे. गोट्यांचा मार पोचतो तिथपर्यंत घोटाई झालेली असते.

तिसरं हत्यार जिवंत आहे. समुद्री साळिंदरं दातांनी दगड खरवडून स्वतःपुरती वाटीएवढी खळगी करतात. काही स्पंज दगडात बारीक नळ्या पोखरतात. खजुराच्या आकाराचा एक शिंपला आम्ल सोडून चुनखडीत भोक पाडतो आणि जन्मभर त्यातच राहतो. इटलीत पोझ्झुओली इथल्या रोमन अवशेषांच्या उभ्या खांबांवर, जमिनीपासून बरंच उंच, या शिंपल्यांची भोकं सापडली. त्यावरून ती जमीन एकदा समुद्रात बुडून पुन्हा वर आली असा निष्कर्ष निघाला. चार्ल्स लायेल यांनी १८३० साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र दिलं.

भूशिरावरच मारा का

किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर लाटा सरळ रांगेत येताना दिसतात, पण गुहा आणि कमानी मात्र पुढे घुसलेल्या टोकांनाच जास्त. याचं कारण पाण्याच्या खोलीत आहे. पाणी उथळ झालं की लाटेचा वेग कमी होतो. भूशिरासमोर तळ आधी वर येतो, म्हणून लाटेचा तेवढा भाग आधी मंदावतो. बाजूच्या खाडीसमोर पाणी खोल असतं, तिथला भाग पुढे धावत राहतो. परिणामी लाटेची सरळ रेघ वाकते आणि भूशिराला तिन्ही बाजूंनी वेढते. जितकी ऊर्जा एरवी लांबलचक किनाऱ्यावर पसरली असती ती त्या एका टोकावर एकवटते. उलट आतल्या बाकात लाट फाकते, पातळ होते आणि हातातली वाळू टाकून देते. भूशिर झिजतं आणि बाकात पुळण साठते, या दोन्ही गोष्टी एकाच वळणाने घडतात.

भूशिराच्या दोन्ही अंगांनी गुहा खोदल्या जाऊन मधे भेटल्या की कमान होते. मारिन्या या पुळणीजवळ अशा दोन कमानी शेजारी-शेजारी आहेत. कमानीचं छत कोसळलं की समुद्रात एकटा सुळका उरतो. लागोस गावाजवळच्या पोंता दा पिएदादे या टोकाला गुहा, कमान, सुळका आणि पाण्याखाली नुसता बुंधा, असे चारही टप्पे एका फेरीत पाहायला मिळतात. पोर्तुगीजांच्या आफ्रिकेच्या मोहिमा पंधराव्या शतकात ज्या लागोसहून निघायच्या, तेच हे गाव. गोव्याला पोचलेल्या वाटेची सुरुवात इथल्या बंदरात आहे.

लपलेली पुळण

आता बेनाजिलचं छत मनातल्या मनात काढून टाका. काय उरेल? गोल खळगा, तिन्ही बाजूंनी उभे कडे, समुद्राकडे एक-दोन कमानी आणि तळाशी वाळू. पुढे कमानीही पडल्या की उरते ती अर्धगोल पुळण, जिथे फक्त पाण्यातून पोचता येतं. या किनाऱ्यावरच्या कित्येक पुळणींचा आकार इतका नेटका गोल का, याचं उत्तर हेच. पावसाने खोदलेली विहीर किंवा तिच्याभोवतीची गुहा कोसळली आणि समुद्राने मलबा उचलून नेला. सगळ्याच पुळणी अशा नाहीत. बेनाजिल गावाची स्वतःची पुळण एका ओहोळाच्या तोंडाशी आहे, आपल्याकडे असतात तशी.

वाळू येते कुठून? बरीचशी त्या कड्यातूनच. दगड मुळात शिंपल्यांचा चुरा, तो सुटला की पुन्हा चुरा. दोन्ही बाजूंना भूशिरं असल्याने ही वाळू किनाऱ्याने वाहून जाऊ शकत नाही, त्या बाकातच खेळत राहते. हिवाळ्यातल्या उंच लाटा ती ओढून पाण्याखाली नेऊन ठेवतात, उन्हाळ्यातल्या संथ लाटा हळूहळू परत आणतात. जुलैत ऐसपैस दिसलेली पुळण जानेवारीत नुसत्या गोट्यांची असू शकते.

आणि रोजची उलथापालथ भरतीची. आल्गार्वला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरच्या वर जातो. एवढ्या फरकात बाकातली अरुंद वाळू दिवसातून दोनदा पूर्ण गडप होते. पाणी एकसारख्या गतीने चढतही नाही. खलाशी सहा तासांचे सहा भाग करतात. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकं पाणी वाढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. ‘अजून बरीच वाळू आहे’ असं म्हणत बसलेला माणूस अडकतो तो याच दोन तासांत.

कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढायची रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, त्या सुमारास पूर्ण भरती. यामागचं गणित सरळ आहे. तीस तिथींत भरतीची वेळ चोवीस तास सरकून मूळ जागी येते, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. तोंडी हिशेबाला सोपं जावं म्हणून ती पंचेचाळीस धरली. पण हा आडाखा आल्गार्वला लावायला जाऊ नका. रोज सरकण्याचं प्रमाण सगळीकडे सारखं असलं तरी पौर्णिमेला भरती किती वाजता, हे प्रत्येक बंदराचं वेगळं असतं. तिथे छापील तक्ताच पाहायला हवा.

रंग आणि ऊन

गुहेतलं पाणी हिरवट निळं का दिसतं? पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं, निळा-हिरवा खोलवर जाऊ देतं. तळाशी पांढरट वाळू असल्याने तो प्रकाश परत फिरून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. बाहेरही हेच होत असतं, पण तिथे आकाशाचा झगमगाट पाण्यावर पसरलेला असतो. गुहेच्या अंधारात तो नसतो, म्हणून खालून येणारा उजेड उठून दिसतो. इटलीतल्या काप्री बेटावरच्या निळ्या गुहेत हा परिणाम टोकाला जातो. तिचं पाण्यावरचं तोंड इतकं बुटकं की होडीत आडवं व्हावं लागतं. उजेड मुख्यतः पाण्याखालच्या मोठ्या तोंडातून, म्हणजे पाण्यातून गाळूनच आत येतो.

बेनाजिलच्या भोकातून ऊन थेट वाळूवर पाडायचं असेल तर सूर्य बराच वर हवा. हे ठिकाण ३७ अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीस तिथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७६ अंशांवर असतो, डिसेंबरात जेमतेम तिशीला. शिवाय पोर्तुगालमध्ये उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे केलेलं असतं आणि हा भाग पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथली खरी माध्यान्ह घड्याळात दीडच्या पुढे येते. छायाचित्रातला तो उन्हाचा झोत हवा असेल तर सकाळची नऊची होडी घेऊन उपयोग नाही. पण समुद्र सकाळीच जास्त शांत असतो, हीही अडचण आहेच. मला विचाराल तर शांत समुद्र निवडावा.

चौकट : होडीत बसण्याआधी

*भरतीची वेळ :* पुरी भरती असेल तर छत आणि पाणी यांतलं अंतर कमी होऊन काही गुहांत शिरताच येत नाही. पुरी ओहोटी असेल तर खडक उघडे पडतात. मधली वेळ बरी.

*लाटेची उंचीच नव्हे, अवधीही :* दोन लाटांमधलं अंतर चौदा-पंधरा सेकंदांचं असेल तर ती दुरून आलेली लांब लाट असते. खुल्या समुद्रात ती जाणवतही नाही, पण निमुळत्या गुहेत शिरताना उंचावते आणि होडीला छताकडे उचलते. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक मीटरची लाट दोनची झाली की मारा चौपट.

*वाऱ्याची दिशा :* दक्षिणेकडे तोंड असलेल्या या किनाऱ्यावर उत्तरेचा वारा जमिनीवरून येतो, समुद्र सपाट राहतो. दक्षिणेचा आला की फेऱ्या रद्द होतात.

*होडीचा आकार :* मोठी होडी हलते कमी, पण गुहेच्या तोंडाशीच थांबते. आत जायचं असेल तर लहान होडी.

*अंगावर :* जीवरक्षक जाकीट, आणि ते बांधलेलं. मांडीवर ठेवलेलं नव्हे.

होडीवाला काय पाहत असतो

चांगला होडीवाला गुहेत थेट नाक घालत नाही. बाहेर इंजिन मंद ठेवून तो काही लाटा जाऊ देतो. समुद्रावर लाटा गटागटाने येतात. काही वेळ लहान, मग चार-पाच मोठ्या, पुन्हा लहान. दूरच्या वादळात थोड्या वेगवेगळ्या लांबीच्या लाटा निर्माण होतात. त्या एकमेकींत मिसळताना कधी शिखरावर शिखर येतं, कधी शिखरावर दरी, आणि त्यातून हे गट पडतात. मोठा गट गेला की तो होडी आत घेतो, आणि आत असतानाही त्याची नजर छताकडे नसते, मागच्या तोंडाकडे असते.

बेनाजिलला गर्दी इतकी वाढली की पोहणारी माणसं, भाड्याच्या कयाक आणि इंजिनाच्या होड्या एकाच कमानीतून ये-जा करू लागल्या. पंख्याची पाती आणि पोहणारा माणूस एका गुहेत असणं हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतं. ऑगस्ट २०२४ पासून गुहेत पोहत जाणं, आतल्या वाळूवर उतरणं आणि मार्गदर्शकाशिवाय भाड्याची कयाक नेणं यांवर बंदी आली. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतल्यासारखं भोकाखाली वाळूवर आडवं पडायला आता मिळत नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याला दुसरंही कारण आहे.

कडे कोसळतात. वर्षाची सरासरी काढली तर या कड्यांची झीज नगण्य भरते, पण दगड काही सरासरीने पडत नाही. वर्षानुवर्षं काहीच होत नाही आणि मग एका क्षणात घराएवढा तुकडा येतो. २१ ऑगस्ट २००९ रोजी आल्बुफेइराजवळच्या मारिया लुइझा पुळणीवर ऐन सुट्टीच्या दिवसांत असा कडा कोसळून पाच जण मृत्युमुखी पडले. समुद्र त्या दिवशी खवळलेला असायलाच हवा असं नव्हतं; काम आधीच्या हिवाळ्यांनी केलेलं असतं. तिथे कड्याच्या पायथ्यापासून त्याच्या उंचीच्या दीडपट अंतर धोक्याचं मानतात. वीस मीटरचा कडा असेल तर तीस मीटर दूर. लपलेली पुळण मुळातच एवढी रुंद नसते, म्हणजे तिचा सगळा पट्टा धोक्यातच येतो. सावलीसाठी लोक नेमके कड्याला टेकून बसतात.

आपल्याकडे असं का दिसत नाही

कोकणात चुनखडीचे कडे नाहीत. रायगड-रत्नागिरीचा किनारा बेसॉल्टचा आणि त्यावर जांभ्याचा. बेसॉल्ट पावसाने चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळे वरून विहिरी खोदल्या जात नाहीत आणि घुमटाला भोक पडायचा प्रश्न येत नाही. इथे काम समुद्राला एकट्याने करावं लागतं. लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा मऊ पट्टा किंवा उभी तड सापडली तर चिंचोळी घळ होते, एरवी खडपं. जांभ्याचं वेगळं. वरचा थर उन्हावाऱ्याने कडक झालेला, खाली मऊ चिकणमाती. खालची माती झिरप्याने आणि लाटांनी निघून जाते, वरचा जांभा छज्ज्यासारखा पुढे येतो आणि एके दिवशी तुटतो.

हरिहरेश्वरला ओहोटीच्या वेळी प्रदक्षिणेच्या वाटेने गेलात तर लाटांनी कापून सपाट केलेला कातळ पायाखाली असतो आणि बाजूच्या दगडावर जाळीदार खळग्यांची नक्षी. ती लाटांनी केलेली नाही. तुषारातलं मीठ दगडाच्या छिद्रांत सुकतं, त्याचे स्फटिक वाढतात आणि कण कण सुटा करतात. ही वाट भरतीला बंद होते, आणि तिथे माणसं वाहून गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आरे-वारेसारख्या जुळ्या पुळणी मात्र त्या भूशिराच्या नियमानेच झालेल्या आहेत. मधे टोक, दोन्ही अंगांना वाळू.

खरी समुद्रगुहा पाहायची तर वेंगुर्ल्यासमोरच्या वेंगुर्ला रॉक्स या बेटांकडे जावं लागतं. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हे पक्षी पूर्ण अंधारात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंती ओळखतात आणि स्वतःच्या लाळेने छताला घरटी चिकटवतात. त्या लाळेपायीच घरट्यांची चोरी व्हायची. पूर्व आशियात त्यांचं सूप करतात. विणीचा हंगाम पावसाळ्याच्या आधीच्या महिन्यांत येतो, आणि समुद्र शांत असल्यामुळे पर्यटकांच्या होड्याही त्याच महिन्यांत जोरात असतात. तेव्हा बेटाला बाहेरून फेरी मारून परतावं, गुहेत शिरण्याचा हट्ट होडीवाल्याकडे धरू नये. जूनला पाऊस सुरू झाला की तो हट्ट धरायची सोयही राहत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि पर्यटकांच्या होड्याही पाऊसभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात.